आक्काच्या बुट्टीतल्या बाटल्या

"रजिस्टर सांगतं तेच खरं," मंत्र्यांचे पी.ए. म्हणाले आणि आमचा अर्ज त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवला. "दिवसाला चार-पाच पेशंट. एवढ्यासाठी सरकारनं दवाखाना चालवायचा?"

मंत्री दौऱ्यावर आले होते आणि कोल्हापूरच्या रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात मी आणि आक्का उभे होतो. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आता सगळे निर्णय मुंबईला होत. नेसरीच्या पुढच्या आमच्या खेड्यातला मोफत दवाखाना बंद करायचं चाललं होतं. मी तिथला कंपाउंडर. यापुढे औषध हवं तर गडहिंग्लज गाठायचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून वर गाडीभाडं. हिवतापानं कुडकुडणारं माणूस एवढं कुठलं करतंय? ते घरीच कण्हत पडणार.

अर्जावर पाच वाड्यांचे अंगठे होते. पण पी.ए.चं चुकत नव्हतं. रजिस्टरात खरंच चार-पाच नावं असत. ती लिहिणारा मीच होतो.

त्या काळी औषध म्हणजे मिक्श्चर. बाटली पेशंटनं घरून आणायची. मी औषध भरून बूच लावायचो आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी खळीनं चिकटवायचो. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. आजही खळीचा वास आला की ती कात्री हातात आल्यासारखी वाटते. डॉक्टरांनी एकदा तपासलं की पुढचं औषध 'रिपीट'. ते कुणीही न्यावं. ओढ्यापलीकडच्या वाडीचं रिपीट आक्का न्यायची. साठीची, खणखणीत आवाजाची बाई. डोक्यावर बुट्टी, त्या टोपलीत पंधरा-वीस बाटल्या. रजिस्टरात मी नाव लिहायचो एकट्या आक्काचं. आलेलं माणूस एक, म्हणून ओळ एक. खरं सांगायचं तर लिहायचा कंटाळा. प्रत्येक वाडीची अशी एकेक आक्का होती.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "सरकारी माणसानं अर्ज घेऊन जायचं नसतं. नोकरी जाईल." मी अंग चोरत होतो. आक्का दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाटल्यांवरचा कागूद तुझ्या हातचा हाय न्हवं? मग चल की!"

गेलो.

पी.ए.नी अर्ज सरकवला तशी आक्का खाली बसली आणि बुट्टीतली एकेक बाटली फरशीवर मांडू लागली. प्रत्येकीच्या गळ्याला चिंधी. तिला वाचता येत नव्हतं. ज्या घरची बाटली त्या घरच्या लुगड्या-धोतराचं चिरगूट, ही तिची खूण.

"हे काय मांडलंय?" पी.ए. ओरडले.

"मानसं हायत, सायेब. ही हिरवी चिंधी पारूची. पोटुशी हाय, दिसाआड थंडी वाजून ताप येतोय. ह्यो धोतराचा तुकडा तुकातात्याचा. ही माझ्या सुनंची. समदी हातरुणात पडल्यात. ती कशी येतील हितं? म्हणून बाटल्या आल्यात."

तो आवाज ऐकून मंत्री बाहेर आले. त्यांनी उभ्या-उभ्या सगळं ऐकलं. मग विचारलं, "ही माणसं रजिस्टरात का नाहीत?"

गप्प बसलो असतो तर नोकरी वाचली असती. पण फरशीवर माझ्याच पट्ट्या ओळीनं उभ्या होत्या.

"साहेब, चूक माझी. बाटल्या कितीही असल्या तरी मी नाव एकच लिहिलं."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून."

मंत्री हसले नाहीत. पी.ए.ना म्हणाले, "सहा महिने दवाखाना राहू दे. नीट लिहून घ्या, मग बघू."

सहा महिने मी बाटलीगणिक ओळ लिहिली. रजिस्टर मुदतीआधीच भरलं, दुसरं मागवावं लागलं. दवाखाना राहिला. मला मेमो मिळाला आणि पाठोपाठ कागलला बदली.

निघायच्या दिवशी आक्का बुट्टी घेऊन आलेली. डोळे पुसत म्हणाली, "तिकडं तुला ताप आला, तर तुझी बाटली कोन आननार रं?"

नव्या कंपाउंडरला चार्ज देताना मी एकच गोष्ट सांगितली. दारात बाई एक दिसली, तरी आधी तिची बुट्टी बघ आणि मगच पेन उचल.