टिकल्यांचं कॅलेंडर

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर तीन महिने लाल टिकल्यांनी नटलं होतं आणि या प्रकाराला बजाजनगरच्या डॉक्टर मुक्ताबाई सर्वस्वी जबाबदार होत्या.

मुक्ताबाई आता निवृत्त होऊन माहेरी, बिडकीनला राहतात. पेशंटशी त्या माहेरच्याच बोलीत बोलायच्या. ‘दुखतं का?’ असं त्यांनी कधीच विचारलं नाही. “बाई नायच म्हणती,” हा त्यांचा अनुभव. त्या विचारायच्या, रिक्षा गतिरोधकावरून उडाली की हात कुठं जातो? झाडू मारताना मधेच का बसता?

माझी ओटीपोटातली कळ सहा वर्षं जुनी. कुणी तिला गॅस म्हटलं, कुणी टेन्शन. सोनोग्राफी स्वच्छ होती, तरी एका दवाखान्यानं गर्भपिशवी काढायची तारीखही देऊन टाकली. सासूबाईंनी धीर दिला, बाईच्या जातीला दुखायचंच. मी फक्त एकोणचाळीसची होते. शेवटचं म्हणून मुक्ताबाईंकडे गेले.

“आधी दुखण्याला नाव द्या, मग पिशवीला हात लावा,” त्या म्हणाल्या. तपासलं, स्रावाचा नमुना घेतला आणि ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट काढलं. दुखेल त्या तारखेला एक टिकली, लई दुखलं तर दोन.

सासूबाईंना हे नवं व्रत वाटलं. त्यांनी कॅलेंडरला हळदकुंकू वाहिलं.

महिन्याने बाईंनी ते पान वाचलं. टिकल्या पाळीपुरत्या नव्हत्याच, महिनाभर पसरलेल्या. काही टिकल्यांवर बोट ठेवून त्यांनी आदल्या रात्रीबद्दल विचारलं, तेव्हा सोबत आलेल्या आमच्या यजमानांनी पंख्याचं बारकाईनं निरीक्षण केलं. अंगावरून पांढरं जाणं, तपासताना उठलेली कळ, नमुन्याचा रिपोर्ट, सगळं जुळलं. ओटीपोटातली जुनी सूज, जंतुसंसर्गाची. गोळ्या दोघांनाही. ‘मला कुठं काय झालंय?’ असं यजमानांनी विचारून पाहिलं. बाईंनी उत्तरादाखल त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

पिशवीची तारीख रद्द झाली. तिसऱ्या महिन्याच्या पानावर चारच टिकल्या उरल्या. ते पान दाखवायला मी गेले, तेव्हा सासूबाई सोबत होत्या. मुक्ताबाईंनी चारही मोजल्या आणि हसून माझ्या पाठीवर थाप मारली. सासूबाई मात्र त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या,

“डॉक्टरीणबाई, मला बी द्या एक पाकीट. माझ्या तीस वर्षांच्या लावायच्या राहिल्यात.”