समोरासमोरची दोन राष्ट्रं

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? मित्रावर, की समोरच्या दुकानदारावर? घाई करू नका. आधी ऐका, मग उत्तर द्या.

हार्डवेअरच्या दुकानात एक खोका असतो. सुटे पडलेले नट, बोल्ट, वॉशर त्यात टाकत जायचे. पुढे कधीतरी नेमका त्यातलाच एखादा लागतो. माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय.

सिल्वासात कारखाने भराभर उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. मी धुळ्याकडचा वाणी. माझ्या दुकानासमोर जयंतीभाईंचं दुकान, ते वलसाडकडचे. दोघांचा माल एक, गिऱ्हाईक एक, मध्ये फक्त रस्ता. माझ्या वरच्या खोलीत कोकणातले सावंत सर भाड्याने राहायचे. हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायचे आणि बाहेरून एम.ए. करत होते. विषय आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत. मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांच्या लक्षात राहायचं नाही. म्हणून संध्याकाळी माझ्या स्टुलावर बसून वाचायचे. मी मॅट्रिकला आपटलेला, पण ते अख्खं पुस्तक फुकटात ऐकलं!

*

पहिलं प्रकरण वास्तववादाचं. सर म्हणाले, घरात बाप असतो, गावात पोलीस असतो, पण राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी नाही. ज्याने त्याने आपलं सांभाळावं.

मी म्हटलं, आमचं बरं आहे, आमच्यावर व्यापारी मंडळ आहे. मागे माझा बोर्ड जयंतीभाईंच्या बोर्डाला झाकतो म्हणून भांडण झालं होतं. मंडळाची सभा भरली, भजी झाली, चहा झाला आणि दोघांनी शांतता राखावी असा ठराव पास झाला. बोर्ड आहे तिथेच राहिला.

सरांनी पान उलटलं. "शेठ, मंडळं आणि ठराव आपल्याला पुढच्या प्रकरणात आहेत."

*

एकदा नळाला पाणी पहाटे यायला लागलं. भरायला म्हणून मी दुकान अर्धा तास आधी उघडलं. जयंतीभाईंना वाटलं, पहिल्या पाळीचं गिऱ्हाईक मी पळवतोय. त्यांनी माझ्याआधी उघडलं. मला वाटलं, हा माणूस मला बुडवायला निघालाय. मी त्यांच्याही आधी.

शेवटी शेवटी आम्ही दूधवाल्याच्या आधी शटर वर करायला लागलो. गिऱ्हाईक तर सोडाच, कुत्रीसुद्धा झोपलेली. दोघं कानटोप्या घालून समोरासमोर जांभया देत बसायचो.

सरांनी पुस्तकातलं वाचून दाखवलं: एकाने स्वतःला जपायला काही केलं की दुसऱ्याला भीती वाटते, तो वाढवतो, मग पहिल्याला भीती वाटते. शेवटी दोघं आधीपेक्षा जास्त असुरक्षित. याला सुरक्षेचा पेच म्हणतात.

मी म्हटलं, आमच्याकडे याला झोपमोड म्हणतात.

*

मग आला उदारमतवाद. जी राष्ट्रं एकमेकांशी व्यापार करतात, ती युद्ध टाळतात, असं त्यात होतं.

हे मला पटण्यासारखं होतं. वापीहून माल आणायला आम्हा दोघांत एकच टेम्पो. त्यांचे वेल्डिंग रॉड खाली, माझे पाइप वर. माझे उतरल्याशिवाय त्यांचे निघायचे नाहीत, आणि त्यांच्या माणसांचा हात लागल्याशिवाय माझे उतरायचे नाहीत. त्या दिवशी आम्ही एकमेकांना 'आवो, बेसो' करायचो.

"बघा," सर खूश झाले. "व्यापाराने भांडण टळलं."

"टळत नाही सर, पुढे जातं. टेम्पो शुक्रवारी, भांडण शनिवारी."

सरांनी तेही समासात लिहून घेतलं. परीक्षेत वापरलं म्हणे, आणि पासही झाले.

*

शेवटचं प्रकरण सगळ्यात अवघड. शत्रू आणि मित्र हे काही आभाळातून पडत नाहीत, आपणच एकमेकांना तसं मानत जातो, असं काहीतरी. मला कळेना.

त्याच सुमारास खानवेलचे एक काका बिजागऱ्या घ्यायला आले. त्यांच्या मापाची माझ्याकडे नव्हती. बाजाराचा रिवाज असा, की आपल्याकडे नसलं तर समोरून आणून द्यायचं, गिऱ्हाईक रिकामं पाठवायचं नाही. भांडण असलं तरी हा रिवाज आम्ही दोघांनी मोडला नव्हता. मी समोरून बिजागऱ्या आणल्या.

काका म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ का?"

मी म्हटलं, छे हो, आमचं पटत नाही.

"मग दिसभर एकमेकांकडंच काय बघता?"

सर स्टुलावरून म्हणाले, "झालं. प्रकरण संपलं."

*

आता शेवटचा किस्सा.

वापीचा एक मोठा व्यापारी चौकात गाळा घेणार, अशी बातमी आली. त्याच्यापुढे आम्ही दोघंही किरकोळ. एका दुपारी तो माझ्याकडे आला. गोड बोलला. म्हणाला, माझा माल तुम्ही विका, भाव मी पाडतो, वर्षभरात समोरचं शटर कायमचं खाली येईल. मग इथे तुम्ही एकटे. उद्या उत्तर द्या.

खोटं कशाला सांगू, मन हललं. सरांना विचारलं. सर म्हणाले, वास्तववाद म्हणतो घ्या, उदारमतवाद म्हणतो घेऊ नका. पुस्तकात दोन्ही आहे.

संध्याकाळी जयंतीभाई रस्ता ओलांडून आले. टेम्पोचा दिवस नव्हता. आले, बसले, खिशातून शटरची चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"वलसाडला माझं ऑपरेशन छे. महिनाभर दुकान तुम्ही बघा."

मी चाटच पडलो. घरचं कोणी नाही का, भाचा आहे ना तुमचा, असं विचारलं. आणि मीच का?

"वाणीशेठ, भाच्याला मी वर्षातून दोनदा बघतो. तुम्हाला रोज सकाळपासून बघतोय. तुमच्याइतकं मी कोणाला ओळखत नाही."

वापीवाला त्यांच्याकडेही गेला होता का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही माझं काही विचारलं नाही.

पायरी उतरता उतरता ते थांबले. "फक्त एक करा, शेठ. हिशेब सरळ ठेवा."

"तुमच्या दुकानाचा ना?"

"बेऊ, दोन्ही दुकानांचा," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.