खलाशी स्टॉप

कंडक्टरचा आवाज असा खणखणीत, की मागच्या दारातून त्याने स्टॉप पुकारला तर पुढच्या सीटवर डुलक्या घेणारा माणूस दचकून उभा राहायचा. एका स्टॉपचं नाव मात्र त्याने कधीच घेतलं नाही. राजधानीच्या मोठ्या चौकात आरमारातल्या एका कप्तानाचा पुतळा होता, हातात दुर्बीण, छाती पुढे. स्टॉपच्या पाटीवरही त्याचंच नाव. बस तिथे आली की कंडक्टर ओरडायचा, "खलाशी! चला, खलाशीवाले उतरा!"

त्याचा थोरला भाऊ त्याच कप्तानाच्या जहाजावर, इंजिनखोलीत खलाशी होता. युद्धात जहाजाला भगदाड पडलं, पाणी आत घुसलं आणि कप्तानाने इंजिनखोलीचं लोखंडी दार बंद करायला लावलं. जहाज वाचलं, दादा आतच राहिला. कप्तानाला पदक मिळालं, मेल्यावर पुतळा. दादाच्या घरी एक अधिकारी आला आणि टोपी काढून वहिनीला म्हणाला, की दार लावलं तेव्हा आत कुणी जिवंत नव्हतं, सगळं एका क्षणात उरकलं होतं. वहिनीने ते वाक्य उराशी धरून दिवस काढले. कंडक्टरला ते कधी पटलं नाही, पण तिच्यापुढे त्याने अवाक्षर काढलं नाही.

तक्रारी गेल्या. डेपोच्या साहेबाने बोलावून झापलं. हा मान खाली घालून म्हणायचा, काय करू साहेब, जीभच वळत नाही. हळूहळू प्रवाशांच्या तोंडीही तेच बसलं. "एक खलाशी द्या," म्हणून शाळेच्या बाईसुद्धा तिकीट मागायच्या. सरकारने ज्याला उंच चौथऱ्यावर चढवलं, त्याला याने एकट्याने खलाशी करून ठेवला. जिवाला तेवढंच बरं वाटायचं, पण सुडाची तहान भागायची नाही.

एक दिवस एक म्हातारी बाई चढली. हातात कागदात गुंडाळलेली फुलं. तिने कप्तानाचं नाव घेऊन तिकीट मागितलं आणि शेजारणीला सांगितलं, की ते माझे यजमान, आज त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली. कंडक्टरने ऐकलं. बाईची नजर अधू होती. चौक आला तसा तो काही न पुकारता बस पुढे काढायची घंटी देऊन मोकळा झाला. तिने विचारलं तर म्हणाला, अजून वेळ आहे. शेवटच्या स्टॉपवर, गोदामांपाशी, भर उन्हात त्याने तिला उतरवलं. ती काठी टेकत परत चालत गेली. त्या दिवशी घरी तो चवीने जेवला.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती आली, आणि त्याने तिला पुन्हा तसंच नेलं. तिसऱ्या खेपेला ती त्याच्या अगदी शेजारी येऊन बसली.

"पहिल्या वर्षी वाटलं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी कळलं. तुमचं कोण होतं आत?"

"भाऊ."

तिने फुलांवरचा कागद उगाच नीट केला. "यांना ठाऊक होतं. आतली माणसं दारावर ठोकत होती. पुढे आमच्या घराचं दार कुणी वाजवलं, तरी हे कानांवर उशी दाबून बसायचे."

"चारचौघांत सांगाल हे?"

"नाही. माझ्या मुलांना याच शहरात राहायचंय."

कंडक्टर उठला. चौक आलाच होता. "ऐका सगळे," तो म्हणाला, आणि तो आवाज पार ड्रायव्हरपर्यंत गेला. "आतली माणसं जिवंत होती. ठोकत होती. कप्तानाला ऐकू येत होतं. या त्याच्या बाई, यांनीच सांगितलं." मग घंटीची दोरी ओढून तो तिच्याकडे वळला. "उतरा. हाच तुमचा स्टॉप."

ती उतरली. फुलं सीटवरच राहिली. ती त्याने उचलून बसच्या चाकाखाली टाकली.

त्यानंतर चौक आला की तो रोज तेच सांगायचा. कप्तानाच्या मुलाने तक्रार केली, डेपोत चौकशी बसली, बाईला बोलावलं. हा खोटं बोलतो ना, असं साहेबाने विचारलं. ती म्हणाली, "खोटं नाही," आणि मुलाकडे न बघता निघून गेली. चौकशी तिथेच गुंडाळली गेली.

पण वहिनीला सांगायचं राहूनच गेलं होतं. तिला ते शेजारणीकडून कळलं. ती आली ती दारातच उभी राहिली.

"भाऊजी, बसभर परक्यांना सांगितलंत. मला सगळ्यांच्या शेवटी, तेही दुसऱ्याच्या तोंडून."

"वहिनी, तुम्हाला झोप लागावी म्हणून..."

"आता लागते का, ते विचारा."

ती गेली. बायको म्हणाली, जा, माफी मागा. तो गेला. वहिनीने त्याला आत घेतलं, पाणी दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. माफी मात्र दिली नाही. त्याचं त्याला फार लागलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर हा तेच करेल, हे वहिनीलाही ठाऊक होतं.