मेंढरांचं मीठ

कासाबाईला हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं! चारठाण्याच्या शिवारात वीस वर्षं मेंढरं राखलेली बाई ती. मेंढरांसाठी ठेवलेलं खडेमीठ आपणच चोरून चाटतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

वर्षभरात तिची पार रया गेली होती. उठलं की चक्कर, खाल्लं की उलटी. काळी तर इतकी पडली की जावा चिडवायच्या. "उन्हानं व्हायलंय," नवरा येडबा म्हणायचा. मीठ संपलं की तो मेंढरांनाच शिव्या घालायचा, आणि ही बया खाली मान घालून ऐकून घ्यायची! शेवटी एके दिवशी बांधावरच कोसळली. आता कळपामागं चालणार कोण? येडबानं मेंढरं विकायची ठरवली. पुढच्या शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं. कासाबाईचा जीव तीळतीळ तुटत होता.

परभणीच्या दवाखान्यात अनुपमा डॉक्टरांनी तिचा तळहात उघडून पाहिला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. तळहाताच्या रेषा काळ्या, हिरड्याही काळ्या! "अहो, ऊन म्हणता, पण इथं कुठलं ऊन लागतंय? मावशी, खरं सांगा, मीठ खावंसं वाटतं का?"

कासाबाईनं नवऱ्याकडं चोरून पाहिलं. "मेंढराचं मीठ मीच खायलेय, बाई," ती एका दमात बोलून गेली.

"आन् मी उगंच मेंढरांला शिव्या घालत बसलो!" येडबा म्हणाला. डॉक्टरांना मात्र कोण आनंद! "सापडलं! मेंदूखाली हरभऱ्याएवढी ग्रंथी असते. ती एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कामाला लावते. तुमच्या त्या ग्रंथी बंद पडल्यात, म्हणून मेंदूखालची ग्रंथी ते आणखी आणखी सोडत बसलीय. त्यानंच कातडी काळी पडते. आणि त्या ग्रंथी बंद, म्हणून अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, मग मीठ खावंसं वाटतं."

"मंग औषध हाय का न्हाई?" येडबानं विचारलं.

"आहे तर! साधी गोळी. पण जन्मभर घ्यायची, एक दिवस चुकली तरी जिवावर बेतू शकतं."

रक्ताची नळी बर्फात ठेवून तपासणीला गेली आणि लगेच सलाइन, इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी कासाबाईनं भाकरी मागितली. रिपोर्ट आला, एसीटीएच कितीतरी पट जास्त! डॉक्टरांचं खरं ठरलं.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं आणि कोकरं चाचपायला लागलं. येडबा तोंड उघडणार, तोच कासाबाई पदर खोचून, काठी घेऊन पुढं झाली.

"हात काढा, भाऊ. मेंढरं इकायची न्हाईत. राखणारी उठलीय!"