दारावरून पुढं गेलेलं बकरं

माणसं भेटायला येतात आणि म्हणतात, "सोन्यासारखा संसार केलासा." मला राग येतो. बायको जाऊन अजून महिना झाला नाही. तिला मी दारात कसं उभं ठेवलं, ते यांना काय ठाऊक?

माझा बाप सुतार. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथं तो कामाला होता. छावणी उठली तेव्हा त्यानं एक लाकडी बकऱ्याचं डोकं आमच्या गावी आणलं. दोरी ओढली की जबडा खटाखट वाजायचा. ती माणसं ऐन थंडीत ते डोकं काठीला लावून, अंगावर कातडं पांघरून घरोघर नाचायची. बायापोरींना शिंगं मारायची. मधेच बकरं मेल्यागत पडायचं. घरच्या बाईनं दाणे टाकले की उठायचं. मग त्या घरी पीक येतं, पाळणा हलतो, असं ती मानायची. बाप हे हसत सांगायचा. हिनं मात्र मनावर घेतलं.

लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची संक्रांत होती. ही म्हणाली, "आवं, मामंजींचं बकरं काढा की. आपल्या दारात एकदा पाडा."

"येडी हायस का? लोक हसतील."

"समद्या गल्लीत नाचवा. मग कोण हसतंय?"

घोंगडं पांघरून निघालो. दारोदार पडलो, उठलो. शेजारची म्हातारी ओरडली, "आता सोताच्या दारात पड रं गड्या, तितं खरी गरज हाय!" सगळी गल्ली खिदळली.

पुढचं दार माझंच. ही नवं लुगडं नेसून, सुपात जोंधळे घेऊन उभी. मी जबडा दोनदा वाजवला आणि न पडता पुढं गेलो.

"आवं, हितं..." एवढंच मागून ऐकू आलं.

घरी आलो तर ती तेच जोंधळे पाखडत बसलेली. म्हणाली, "खडे लय हायेत."

पुढच्या संक्रांतीला डोकं काढलं, तर वाळवीनं पोखरलेलं. जबडा हातात आला.

लाकडाच्या डोक्यानं पोर होत नाही, एवढं मला चौथी नापासालाही कळतं. पण तिनं मागितलं काय होतं? घडीभर मातीत पडायचं. लोकांच्या दारात पडलोच की! पुढं तिनं तो विषय कधी काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

काल भावजय घर आवरायला आली. "ह्ये फाटकं सूप टाकू का?"

तिच्यावर खेकसलो. सूप परत खुंटीला लावायला लावलं.