खूण पटल्याशिवाय

साक्षात खंडेराव घोड्यावरून उतरून आमच्या घरमालकांच्या दारात उभे राहिले असते, तरी नानांनी कडी न काढता खिडकीतून सांगितलं असतं, "भंडारा काय, कोणीही उधळतं. खूण सांगा." मी धुळ्याला कॉलेजात असताना तीन वर्षं देवपुरात त्यांच्याकडे भाड्याने राहिलो आणि या तीन वर्षांत खूण सांगितल्याशिवाय त्यांच्या घरात आलेला जीव म्हणजे फक्त एक मांजर. आमच्याकडे खेड्यांत ही जुनी रीत आहे. शेतातल्या माणसाला घरून काही मागवायचं असलं, तर तो वाटेने जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या घरून कुदळ आण, आणि खूण म्हणून सांग, सकाळी भाकरी करपली होती." घरची बाई ते ऐकते आणि निमूट कुदळ काढून देते, कारण करपलेली भाकरी फक्त दोघांनाच माहीत असते. नानांच्या लहानपणी त्यांच्या आजीने खूण न विचारता एका अनोळखी माणसाच्या हाती बैलजोडी दिली होती, ती परत आली नाही. नाना पुढे पाचोऱ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या उतरवून घेण्याच्या कामावर होते, तिथे त्यांनी ही रीत वापरली, आणि निवृत्त होऊन धुळ्याला घर बांधलं तेव्हा पायाच्या दगडाबरोबर तीही आणली असावी.

मी पिंपळनेरकडचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे शहरात खोली कशी मागतात हे सांगणारं कोणी नव्हतं. वडिलांच्या ओळखीच्या एका आबांनी नानांचं नाव सुचवलं. ट्रंक घेऊन मी दारात उभा राहिलो. "कोना पोऱ्या शे तू?" नानांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं, आबांचं सांगितलं. "आबांनी पाठवलं, त्याची खूण काय?" माझ्याकडे खूण नव्हती. मी गुणपत्रिका दाखवली. नानांनी ती कौतुकाने वाचली, गणिताला कमी गुण का पडले ते विचारलं आणि मला परत पाठवलं. मी बसने गावी गेलो आणि दुसऱ्या दिवशी खूण घेऊन आलो : साक्रीच्या बाजारात नानांच्या चपला चोरीला गेल्या तेव्हा आबांनी त्यांना घाईत नव्या घेऊन दिल्या होत्या, आणि दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या होत्या. नाना खिडकीतच इतके हसले की त्यांना कडी काढायला वेळ लागला. मग त्यांनी स्वतः चहा केला. घरात दुसरं कोणी नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही ते विचारत, "मागच्या खेपेला मीटरवर काय होतं?" तो बिचारा आकडा आठवू लागला की म्हणत, "आकडा नाही रे भाऊ, मीटरवर बसलेलं काय होतं?" पाल होती. हे कळल्यापासून तो माणूस फाटकातूनच "पाल, नाना" असं ओरडत यायचा. लग्नाची पत्रिका आली तर आधी चौकशी, मग आहेर. या सगळ्यात खरा खर्च व्हायचा तो अक्काच्या फोनवर. अक्का त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन मस्कतला गेलेली. बूथवरून परदेशी फोन लावला की यंत्रावरचे तांबडे आकडे धावत सुटायचे, आणि इकडे नाना विचारत असायचे, "अक्काच बोलते ना? मग सांग, आपल्या गोठ्याच्या दारात काय गाडलेलं होतं?" अक्का म्हणायची, "नाना, जातं. फुटकं जातं. आणि माझ्या मुलीला दात आले." तोवर हातातले पैसे संपलेले असायचे. नातीच्या दातांसारख्या बातम्या नानांना नेहमी शेवटच्या दोन सेकंदांत मिळायच्या.

म्हणून नव्वदचं दशक संपत आलं आणि आग्रा रोडजवळ इंटरनेटचं पहिलं दुकान निघालं, तेव्हा मी भीत भीत त्यांना ई-मेलचं सुचवलं. कॉलेजात आम्हाला संगणक दाखवला होता, म्हणजे लांबून दाखवला होता. तरी मी नानांचं खातं उघडून दिलं. पासवर्ड म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा मात्र ते प्रथमच खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे यंत्रसुद्धा खूण विचारतं?" "हो नाना." "मग हे शहाणं शे." त्यांनी माझ्याकडून पासवर्ड बदलायची रीत शिकून घेतली आणि मला बाहेर जायला सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी ते एका बोटाने पासवर्ड टाकत आणि मी दुकानाबाहेर रिक्षा बघत उभा असे. आत बोलावलं की मी अक्काचा मेल वाचायचा, ते सांगतील ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. नात चालायला लागल्याचा फोटो त्या दुकानात इतका सावकाश उघडला की आधी केस दिसले, मग कपाळ, आणि पाय दिसेपर्यंत नानांनी श्वास रोखून धरला होता.

एका रविवारी अक्काच्या मेलच्या वर एक इंग्रजी मेल होता. मेलच्या कंपनीचं नाव, खाली 'खाते विभाग'. मजकूर असा की तपासणी चालू आहे, दोन दिवसांत आपलं नाव आणि पासवर्ड कळवा, नाहीतर खातं बंद होईल आणि सगळी पत्रं नष्ट होतील. अक्काचे सगळे मेल, नातीचा फोटो, सगळं त्या खात्यात होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. इंग्रजीत आणि कंपनीच्या नावाने लिहिलेलं खोटं असू शकतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मी म्हणालो, "नाना, देऊन टाकू या. कंपनी आहे."

"खातं कोणाकडे आहे?"

"कंपनीकडेच."

"मग माझ्या कुलपाची किल्ली कुलूपवाल्याला कशाला पाहिजे? तुले सांगी नही, त्याले सांगू?"

"पण खातं बंद केलं तर?"

नानांनी मला नातीचा फोटो उघडायला लावला. मग म्हणाले, "त्याले खूण इचार. आपल्याले पहिला मेल कोणाचा आला, आणि त्यात काय होतं. कंपनी असेल तर सांगेल."

मी माझ्या इंग्रजीत तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी, रविवार नसताना, दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर होतो. मी बाहेर थांबलो. बराच वेळ हाक आली नाही म्हणून काचेतून पाहिलं, तर नाना पडद्यावरच्या नातीच्या फोटोला बोट लावून बसले होते. खातं उघडलं होतं. 'खाते विभागा'कडून तोच मेल, त्याच शब्दांत, पुन्हा आला होता. खूण नव्हती. आज मला वाटतं, आम्ही त्याला उत्तरच द्यायला नको होतं, कारण या पत्त्यावर जिवंत माणूस आहे हे त्यांना त्यातून कळलं असावं. पुढे लॉटरीचे मेल आले, एका परदेशी विधवेचा आला, तिला तिच्या नवऱ्याची संपत्ती नानांच्या नावावर करायची होती. नाना हळहळले. "बाई एकटी शे. पण खूण तर सांगाले पाहिजे."

इथपर्यंत ठीक होतं. पण नानांच्या डोक्याने पुढची पायरी घेतली. कंपनीच्या नावाने कोणीही लिहू शकतं, तर अक्काच्या नावाने का नाही? मग दर मेलच्या शेवटी अक्कालाही खूण विचारणं सुरू झालं. विहिरीवर कोणतं झाड होतं? तुझी पाटी कोणी फोडली? अक्काने आधी हसून उत्तरं दिली, मग तिला राग आला. तिने लिहिलं, "लिहिणारा तो मुलगा आहे, तुम्ही नव्हे. नानाच सांगताहेत हे मी कशावरून मानू? आता तुम्ही खूण द्या." नाना खूश. "पोरगी माझीच शे." आणि दोन्हीकडून प्रश्न सुरू झाले. बाप-लेकीत इतकं बोलणं आयुष्यात झालं नसावं. शेवग्याची शेंग, शाळेतला मार, आईची हिरवी साडी, सगळं खूण म्हणून येऊ लागलं.

मग एका रविवारी नाना म्हणाले, "लिख. तुनी माय शेवटी काय बोलली?"

मी थांबलो. अक्काची आई जळगावला दवाखान्यात वारली, तेव्हा जवळ अक्का एकटी होती आणि नाना पाचोऱ्याला कापसाच्या राशीवर, एवढं मला ठाऊक होतं. मी विचारलं, "नाना, याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे का?"

"नही."

"मग खूण पटली की नाही, कसं कळणार?"

"तू लिख."

दोन रविवार काहीच आलं नाही. दोन्ही वेळा नाना अक्काचा मेल नाही हे बघून उठले. तिसऱ्या रविवारी मेल आला. अक्काने लिहिलं होतं : "मी तुम्हाला बोलवायला माणूस पाठवला होता. तुम्ही येईनात, म्हणून मी रडत होते. आई म्हणाली, रडू नको, येतील ते. निरोप्याला खूण विचारत बसले असतील. आणि ती हसली. नंतर बोलली नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी हे कधी सांगितलं नाही. पण ती खरंच हसली होती, नाना."

मी वाचून संपवलं. नानांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मी वाचलं. शेजारी कोणीतरी कीबोर्ड बडवत होतं. नाना म्हणाले, "इचारतच बसलो होतो मी." आणि मग, "हसली का?"

"हो. तसं लिहिलंय."

त्यानंतर अक्काच्या मेलखाली त्यांनी कधी खूण विचारली नाही. थंडी पडली, नातीला जप, मी बरा आहे, एवढंच ते लिहायला सांगत. इतरांना विचारणं चालूच होतं, मीटरवाला फाटकातून ओरडतच होता. मेल आता चार ओळींत संपायचा, आणि उरलेला वेळ नाना फोटो उघडायला सांगून तो पायांपर्यंत येण्याची वाट बघत बसायचे.