पडद्यामागचा उपास

बायबलात सिगारेटीबद्दल एक अक्षर नाही, हा माझा हुकमाचा एक्का होता. छावणी भागातल्या आमच्या चर्चमध्ये कुणी वडीलधारा मला बाजूला घेऊन 'देह म्हणजे पवित्र आत्म्याचं मंदिर' सुरू करायचा, तेव्हा मी हा एक्का टाकायचो. वर विचारायचो, मग त्याच मंदिरात नाताळभर करंज्या आणि केक कोंबता, तेव्हा काही होत नाही का? आमच्या मंडळीतले निम्मे लोक मधुमेहाच्या गोळ्या खातात, त्यांना कुणी बाजूला घेत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, वाद घालायची सवयच आहे. समोरचा बहुधा हसून सोडून द्यायचा.

पण माझा एक्का मला स्वतःलाच पटलेला नव्हता. पटला असता तर चर्चच्या फाटकासमोर उभा राहून ओढली असती. मी ओढायचो गुलमंडीच्या पलीकडं, जिथं आमच्यातलं कुणी सहसा फिरकत नाही. खिशात वेलदोडे असायचे आणि स्कूटरच्या डिकीत साबणाची वडी. देवापासून लपवायचा प्रश्नच नव्हता. लपवायचं होतं माणसांपासून, आणि माणसांत पहिली माझी बायको.

तिचे वडील उपासनेत पुढं उभे राहून गीतं गायचे. तंबाखूनं त्यांचा घसा गेला. शेवटच्या दिवसांत गीत लागलं की त्यांचे ओठ हलायचे, आवाज मात्र फुटायचा नाही. एवढं पाहूनही तिनं मला कधी खडसावलं नाही. रोज सकाळी मी दाढी करत असताना ती स्वयंपाकघरात मोठ्यानं प्रार्थना करायची, मला ऐकू जाईल अशी. "प्रभू, यांची ती सवय काढून टाक." मी नळ जरा जास्त सोडायचो.

लेंट लागला की आमच्याकडं घराघरात एकच प्रश्न असतो, यंदा काय सोडणार? ईस्टरपर्यंतचे ते दिवस काहीतरी आवडीचं सोडून काढायचे असतात. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. आमच्या शेजारच्यांनी एकदा कारलं सोडलं होतं आणि वर तोंड करून तसं सांगतही होते. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणून गेलो, "सिगारेट सोडतो." तिनं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मग पुढची पोळी लाटायला घेतली, पण ती पोळी करपली.

आठवडाभर मी खरंच शिवलो नाही. डोकं ठणकायचं, नववीच्या वर्गावर मी विनाकारण खेकसलो. मग एका दुपारी शाळेचं काही सामान घ्यायला गुलमंडीत गेलो. यंदा आमचा लेंट आणि रमजान जवळजवळ एकत्रच लागले होते, त्यामुळं पलीकडच्या चहाच्या हॉटेलांवर दिवसा पडदे सोडलेले होते. ज्यांचा रोजा नाही त्यांनी पडद्याआड बसून खावं-प्यावं, रोजेदारांसमोर नको, एवढाच त्यामागचा हिशेब. माझ्या नेहमीच्या हॉटेलवाल्यानं मला बघून पडद्याची कड उचलली.

"आओ सर, अंदर बैठो," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पर आपका बी तो उपास चल रा ना? पिछले साल आपच बोले थे, चालीस दिन का रैता बोलके."

"हौ," मी म्हणालो आणि आत जाऊन बसलो.

आत चार-पाच जण होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्यात रोजा मोडून आलेला एक तरी असावा, कारण तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. मीही भिंतीकडं तोंड केलं. स्वतःच्या धर्माचा उपास दुसऱ्याच्या उपासाच्या पडद्याआड बसून मोडणारा या शहरात मी एकटाच असेन. पहिला झुरका घेतला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी ती पूर्ण ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो.

लेंटमध्ये दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी सभा असते. गाणी, प्रार्थना, कुणाची तरी साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं, आणि शेवटी चहा-चिवडा. आमच्या घरची पाळी आली. दिवाणखान्यातली गादी उभी करून सतरंज्या अंथरल्या होत्या. माणसं पार दारापर्यंत बसली होती. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? माझी बायको उभी राहिली.

ती चार माणसांत बोलणारी बाई नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "माझ्या बापाचं झालं तसं ह्यांचं होऊ नये म्हणून मी लग्न झाल्यापासून प्रार्थना करत आले. यंदा प्रभूनं ऐकलं. ह्यांनी सिगारेट सोडली." ती खाली बसली. बायकांनी डोळे पुसले. पाळक म्हणाले, "हालेलूया!" आणि सगळं घर म्हणालं, "हालेलूया!" मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात मला बोलता आलं असतं. 'थांबा, तसं नाही,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "आमेन." चांगलं खणखणीत म्हणालो. त्या दिवशी दुपारीच मी पडद्याआड जाऊन आलो होतो. सिगारेटीची लाज मला आजवर पुष्कळदा वाटली आहे, पण त्या आमेनची आठवण झाली की आजही अंगाचं पाणी होतं.

सभा संपल्यावर चपलांच्या गर्दीत एका काकूंनी माझा हात धरला. त्यांचे यजमान बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सगळे त्यांना साहेबच म्हणतात. उपासनेला ते शेवटच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरसाचा प्याला वाटणं, सुरू झालं की उठून बाहेर आवारात जाऊन उभे राहतात. मोठा माणूस, वेदीपुढच्या कठड्यापाशी सगळ्यांच्या रांगेत गुडघे टेकायला नको वाटत असेल, असंच मी समजत होतो.

"गर्व नाही हो तो," काकू म्हणाल्या. "सिगारेट सुटत नाही म्हणून ते प्याल्याला तोंड लावत नाहीत. घाणेरड्या तोंडानं प्रभूचा प्याला घ्यायचा नाही म्हणतात. वर्षानुवर्षं घेतला नाही. परवा डॉक्टरांनी छातीचा फोटो काढलाय, मला लई भीती वाटते. त्यांना एकदा तरी प्रभूच्या मेजापाशी आलेलं बघू द्या मला. तुम्ही येऊन डोक्यावर हात ठेवा. तुम्हाला प्रभूनं सोडवलंय, तुमच्या प्रार्थनेला जोर असेल."

मागं पाळक उभे होते. ते म्हणाले, "जाच तुम्ही. हे काम तुम्हीच करू शकता." बायकोच्या चेहऱ्यावर तर लग्नातसुद्धा नव्हता एवढा आनंद होता.

मी टाळत होतो आणि ती आठवण करून देत होती. शेवटी ईदनंतरच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. ईद झाल्यामुळं पडदे निघाले होते आणि माझी पंचाईत झाली होती. त्या सकाळी उपासना आटोपून मी शाळेची किल्ली द्यायच्या निमित्तानं बाहेर पडलो आणि शाळेच्या मागच्या भिंतीशी उभा राहून ओढली. मग साबण, वेलदोडा, आणि बोटांना लिंबाची फोड घासली. कुणाच्या डोक्यावर हात ठेवायला निघालेला माणूस घरातून अशी तयारी करून निघत नसतो.

साहेब खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. काकू आणि माझी बायको डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी उजवा हात त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला आणि बोलायला लागलो. शब्दांना मी कधी अडत नाही. प्रभू, ही बेडी तोड, या तुझ्या लेकराला मोकळं कर. हात केसांवरून जरा पुढं, कपाळावर घसरला होता. मध्येच मला त्यांचा श्वास ऐकू आला. एक लांब, सावकाश श्वास, नाकानं आत ओढलेला. मी डोळे उघडले. त्यांचे डोळे उघडेच होते आणि ते माझ्या बोटांकडं बघत होते. मी घाईघाईनं आमेन केलं. तेही म्हणाले, "आमेन."

निघताना बायका पायऱ्यांवर बोलत राहिल्या. साहेब फाटकापर्यंत आले. "लिंबानं जात नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "मी सगळं करून बघितलंय. पावडर, अत्तर, सगळं."

मी हात खिशात घातला.

"मी काय बोलणार नाय कुणाला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट जरा आनंद झाल्यासारखे दिसले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुम्ही घेता ना प्याला? दर महिन्याला?"

"घेतो," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी प्रभुभोजनाची मोठी उपासना असते. त्या दिवशी शेवटचा बाक रिकामा होता. साहेब काकूंच्या शेजारी, पुढून तिसऱ्या रांगेत बसले होते. लोक एकमेकांना खुणावत होते. आमच्या रांगा उठल्या तेव्हा ते माझ्या मागोमाग चालत आले आणि कठड्यापाशी माझ्या शेजारी गुडघे टेकले. त्यांच्या अंगाला सिगारेटीचा वास येत होता, साधा, उघडा वास. त्यांनी वेलदोडा खाल्ला नव्हता, लिंबू चोळलं नव्हतं.

ते पुढं बघतच पुटपुटले, "तुम्हाला चालतं, तर मलाही चालत असेल म्हटलं. उगाच इतकी वर्षं घालवली."

काकू दोन माणसं सोडून हमसून रडत होत्या. प्रार्थना फळली होती ना त्यांची. या माणसानं प्याल्याचा मान राखण्यासाठी वर्षानुवर्षं बाहेर उन्हातान्हात उभं राहून काढली, आणि आता माझ्या भरवशावर तो आत आला होता. प्रभूच्या मेजापाशी लायक कोण असतं, हा वाद मी कुणाशीही घातला असता आणि जिंकलाही असता. कदाचित त्यांचं आत येणंच बरोबर असेल. पण ते कुणाचा हात धरून आले, हे मला माहीत होतं.

पाळक प्याला घेऊन माझ्यासमोर आले. मी मान हलवली. त्यांना कळलं नाही, त्यांनी प्याला आणखी पुढं केला. मी दोन्ही हात मागं घेतले आणि उठलो. आमच्याकडं प्याला न घेता कठड्यापासून कुणी उठत नाही. मी सगळ्या मंडळीच्या समोरून जागेवर परत आलो, आणि येताना मागच्या रांगेत पाळीची वाट बघणाऱ्या माझ्या बायकोनं मला बघितलं. मागं साहेब प्याला घेत असतील. मी वळून बघितलं नाही.

बाहेर स्कूटरपाशी ती आली. "का नाही घेतलं?" तिनं विचारलं.

मी उजवा हात तिच्यापुढं धरला. तिनं तो नाकाशी नेला नाही. नुसती बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. सतरंज्या, हालेलूया, साहेबांच्या घरची दुपार. मला वाटलं ती रडेल.

"मी सगळ्यांच्यात उभी राहिले होते," ती म्हणाली. "तुम्ही आमेन म्हणालात."

"हो."

"आता तुम्ही उभे राहा."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळची प्रार्थनाही मोठ्यानं झाली नाही. मी नळ बारीक सोडून दाढी केली, तरी काही ऐकू आलं नाही.

ईस्टरच्या पहाटेची उपासना आम्ही छावणीतल्या कबरस्थानात करतो. कबरींवर मेणबत्त्या लागलेल्या असतात. तिच्या वडिलांच्या कबरीवर तिनं एकटीनंच लावली, मला काडी ओढायला सांगितली नाही. साहेब आणि काकू अगदी पुढं उभे होते. साहेबांनी मला बघून हात उंचावला, जुन्या दोस्तासारखा.

गाणी झाली. उजाडायला लागलं. पाळकांनी विचारलं, "आज पुनरुत्थानाच्या दिवशी कुणाला साक्ष द्यायची आहे?"

मी पुढं गेलो. साहेबांचा हात खाली आला. पाळकांनी हसून माईक माझ्याकडं दिला आणि मंडळीला म्हणाले, "म्हणा, हालेलूया!"